गर्दी टाळण्याची सभा

सोनापूर, ११ जून १९५७

चि. इंदूस आशीर्वाद. पुढचं शांत डोक्यानं वाच.

सोबत आमच्या शाळाखात्याचं परिपत्रक आहे. रीतसर टपालानंही येईलच, पण कुरखेड्याहून तुझ्या कोसमटोल्यापर्यंत टपाल कधी पोचतं ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून बाजारला आलेल्या पत्रू पाटलाच्या हाती ही प्रत वेगळी देतो आहे.

मद्रासकडे बोटीनं जो फ्लूचा ताप आला तो मुंबई करून नागपूरला पोचल्याचं पेपरात वाचलंच असशील. नसशील, पेपर तिथं कुठला. एक जुलैला शाळा उघडायच्या आत जनपद सभेच्या ताब्यातल्या प्रत्येक शाळेनं तयारी करायची आहे. मुलांत तीन-तीन फुटांचं अंतर. खिडक्या उघड्या. प्रत्येकाचा पेला वेगळा. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. खोकणारं मूल घरी. आणि तयारी झाल्याचा अहवाल.

वीस तारखेला तहसिलीतल्या सगळ्या शिक्षकांची सभा इथल्या मोठ्या शाळेत ठेवली आहे. नागपूरहून डॉक्टर येऊन समजावून सांगणार आहेत. व्यवस्था माझ्याकडे आहे. हजेरी सक्तीची आहे, तेव्हा तू येच. बोरटोल्याचे रामाजी मास्तर बैलगाडीनं येणार आहेत, त्यांच्याबरोबर ये.

एक विनंती. दर परिपत्रकावर तू चार पानं उत्तर पाठवतेस. साहेब ते वाचतात आणि मला बोलावतात. मामा गेले तेव्हा तुझ्याकडे लक्ष ठेवीन असा शब्द दिला होता, आणि नोकरीही मीच लावून दिली. आता माझी मामेबहीण म्हणून तुझं प्रत्येक प्रकरण माझ्या टेबलावर येतं. या खेपेला नुसतं ‘तयारी झाली’ एवढंच लिही. तुझ्या रुखमावहिनीनं आशीर्वाद सांगितले आहेत.

गुणवंत


कोसमटोला, १५ जून

ती. गुणवंतभाऊंना नमस्कार. डोकं शांत ठेवून वाचलं, दोनदा वाचलं, आता राहिलं नाही.

भाऊ, तुम्ही माझी शाळा पाहिली आहे. दोन खोल्या. त्यातल्या एकीत सोसायटीची धानाची पोती गेल्या दिवाळीपासून पडली आहेत आणि तिला कुलूप आहे. उरली एक. तिला खिडकी एकच, तीही विटांनी बुजवलेली, कारण मागच्या साली अस्वल डोकावलं होतं. त्या खोलीत पहिली ते चौथीची पोरं मांडीला मांडी लावून बसतात. तीन फुटांचं अंतर ठेवायचं तर पहिली शाळेत, दुसरी आवारात, तिसरी नाल्याच्या थडीला आणि चौथी थेट जंगलखात्याच्या हद्दीत बसेल. पेला प्रत्येकाचा वेगळा म्हणता. आमच्याकडे पोरं पळसाच्या पानाचा द्रोण करून पितात आणि फेकून देतात, तेव्हा तेवढं एक कलम मात्र आम्ही परिपत्रकाच्या आधीपासून पाळतो आहोत असं साहेबांना सांगा.

मी पत्रू पाटलाच्या ओट्यावर सगळं वाचून दाखवलं. गुणाबाई म्हातारी अठरा सालच्या मानमोडीच्या साथीतून वाचलेली. ती म्हणाली, “बाई, तवा एका घरातून दोन-दोन मुर्दे निंगत होते. जाळाले लाकडं होते पन उचलाले मानसं नव्हते. आता हे कागद वाचून तो ताप वापस जाइन का?”

गावदेवाची पूजा करणारा दसरू भूमक म्हणाला, “आमी गाव बांधून घेतो, बाई. भाईरचा आत नाई, आतला भाईर नाई. मंग पोरायले तीन फूट बसवा नाई तं मांडीवर बसवा.” हसले सगळे. मला हसू आलं नाही.

आता खरं विचारते. कलम दोनमध्ये लिहिलं आहे की हा ताप गर्दीत पसरतो, गर्दी टाळावी. कलम नऊमध्ये लिहिलं आहे की समस्त शिक्षकांनी एका जागी जमावं. ही दोन्ही कलमं एकाच माणसानं लिहिली का? चाळीस कोसांवरून माणसं आणून एका दालनात कोंबायची, आणि मग एकेका गावात परत पाठवायची! डॉक्टरांना जे सांगायचं ते कागदावर लिहून पाठवा, आम्हाला वाचता येतं. त्यासाठीच तुम्ही आम्हाला पगार देता.

आणि ती पोती हलवा.

इंदू


सोनापूर, १८ जून

इंदू,

कलमं मी लिहिलेली नाहीत. मुंबईहून नागपूरला आली, नागपूरहून चांद्याला, चांद्याहून इथं. मी त्यांच्या प्रती काढल्या. शाई संपेपर्यंत काढल्या. पोती सोसायटीची आहेत, सोसायटी सहकारखात्याची आहे, सहकारखातं माझ्या बापाचं नाही. पत्र टाकलं आहे.

सभा होईल. डॉक्टरांची तारीख ठरली आहे, साहेबांनी वर कळवलं आहे, आणि तू एकटी आली नाहीस तर सगळे म्हणतील की गुणवंतरावाची बहीण म्हणून चालतं. माझ्यासाठी ये.

घरी रुखमाला ऊन लागलं आहे, दोन दिवस अंथरूण सोडलं नाही. माझंही अंग दुखतं, ते या सतरंज्या-बाकांच्या धावपळीनं. तू आलीस की घरी जेवायला ये म्हणणार होतो, आता ते राहू दे. सभेतच भेटू.

गुणवंत


कोसमटोला शिवार, दसरूची खोपडी, २६ जून

भाऊ,

हे पत्र मी गावातून लिहीत नाही. दसरूच्या शेतात राखणीची खोपडी आहे, तिच्यात पडून लिहिते आहे. अक्षराला हसू नका. पत्र दिवसभर उन्हात ठेवून मगच बाहेरच्या दगडावर ठेवीन, तिथून गाडीवान चैतू उचलून नेईल.

तुमची सभा मला आठवते आहे. तुम्ही मंचाजवळ इकडून तिकडे पळत होता, माझ्याकडे बघायला तुम्हाला सवड नव्हती, म्हणून सांगते. धूळ येते म्हणून खिडक्या बंद होत्या. आम्ही बाकावर चौघं-चौघं बसलो. माझ्या मागं तुमच्या कचेरीतला कोणी बाबू सारखा खोकत होता. डॉक्टरांनी तोंडापुढं रुमाल कसा धरावा ते दाखवलं. मग गुळण्या कशा कराव्यात ते दाखवायला पाच मास्तरांना पुढं बोलावलं आणि पाचही जणांनी एकाच पेल्यानं गुळण्या केल्या. रामाजी मास्तर त्यात तिसरे होते. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. टाळ्या झाल्या.

परतताना दुसऱ्या दिवशी गाडीतच रामाजी मास्तरांना हुडहुडी भरली. त्यांना आधीच दमा. मी म्हणाले, “गुरुजी, घरी गेल्यावर पोरांत जाऊ नका. दहा दिवस शाळा उघडू नका.” ते हसले. “बाई, माही पेन्शन दोन सालावर आली. आता कोनाच्या डोळ्यावर येऊ?” त्यांना बोरटोल्याला सोडलं. पुढं नाल्यापर्यंत येता येता माझंच डोकं फुटायला लागलं, डोळे जळायला लागले. मी चैतूला गाडी थांबवायला सांगितली.

“काऊन जी बाई? गाव तं समोर हाये.”

“म्हणूनच थांबव.”

दसरूला निरोप धाडला. तो आला, नाल्याच्या पलीकडच्या थडीवर उभा राहिला. मी इकडून ओरडून सांगितलं की ताप माझ्या अंगात आला आहे, मी गावात येत नाही. तो तिथंच खाली बसला. मग म्हणाला, “गाव बांधाचं म्हनत होतो मी. पन तुमाले भाईर ठेवून बांधीन असं नाई वाटलं होतं.” त्यानं ही खोपडी उघडून दिली. गाडीवरून आलेल्या चैतूलाही बाजूच्या मांडवात थांबवलं, त्याला अजून काही झालेलं नाही, तोच माझा टपालवाला. गावातून रोज कोणीतरी पेज आणि आंब्याचा खार आणून दगडावर ठेवतं आणि मागं सरून हाक मारतं. पोरं पलीकडच्या थडीला येऊन पाढे म्हणतात. सतराच्या पाढ्यात चुकतात, मी इकडून ओरडते, खोकला येतो, मग तीच ओरडतात, “बाई, नका बोलू!”

चार दिवस फार वाईट गेले. आता ताप कमी आहे, पाय उभे राहत नाहीत.

भाऊ, एक तारखेला माझी शाळा उघडणार नाही. ते माझं मी बघते. तुम्ही एक करा. त्या दालनात जेवढे शिक्षक होते तेवढ्यांना आजच्या आज माणूस धाडा. म्हणा, दहा दिवस कोणी शाळा उघडू नका. तुमच्याकडे शिपाई आहेत, सायकली आहेत, कोतवाल आहेत. अहवाल मागवायला जी माणसं जातात तीच हा निरोप घेऊन जाऊ देत.

इंदू


सोनापूर, ३ जुलै

इंदू,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांनी बंद शाळांची चौकशी केली. सगळ्या तहसिलीत एकच निघाली. तुझी.

तू आजारी पडलीस याचं वाईट वाटलं. पण साधा ताप आहे तो, इंदू. रुखमालाही तोच होता असं आता वाटतं. तिचा चार दिवसांत उतरला आणि ती स्वयंपाकाला लागली. चार दिवसांच्या तापासाठी तू गावाबाहेर खोपडीत जाऊन राहतेस, भूमक गावाला दोरा बांधतो, शिकलेली बाई त्याला मान डोलावते, आणि हे सगळं तू सरकारी कामाला कारण म्हणून लिहून पाठवतेस! साहेब मला म्हणाले, “तुमची बहीण शाळा चालवून राह्यली का देवऋषीपन करून राह्यली?” मी मान खाली घालून उभा होतो. माझ्या नोकरीला एकवीस वर्षं झाली, असं कोणी बोललं नव्हतं.

तुला कारणे दाखवा नोटीस निघाली आहे. तिच्यावर सही माझी आहे, कारण सही करायचं काम माझं आहे.

शिक्षकांना माणसं धाडायचं म्हणतेस. एक जुलैला एकोणऐंशी शाळा उघडल्या. त्या मी कोणत्या अधिकारानं बंद करू? रामाजी मास्तरांकडे बघ. त्यांना ताप होता म्हणतेस ना? त्यांनी एक तारखेला शाळा उघडली आणि आज त्यांचा अहवाल हातात, ‘सर्व क्षेम, तयारी पूर्ण’. असा शिक्षक पाहिजे.

पंधरा तारखेला दुसरी सभा आहे, पहिलीला जे येऊ शकले नाहीत त्यांची, आणि ज्यांचा अहवाल आला नाही त्यांची. म्हणजे तुझीही. तोवर शाळा उघड, पोरांना बसव, आणि ये.

गुणवंत


बोरटोला, ९ जुलै

गुणवंतभाऊ,

रामाजी मास्तर गेले. पाच तारखेला.

मला बरं वाटायला लागलं तसं बोरटोल्याकडचं कानावर आलं. चैतू म्हणाला, तिकडं धूर दिसत नाही. चुली पेटल्या नव्हत्या, म्हणून धूर नव्हता. मला ताप येऊन गेला आहे, पुन्हा लगेच येत नाही असं तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मीच निघाले. दसरू नाल्यावर आडवा आला. “बाई, आता बऱ्या झाल्या तं गावात या. तिकडं काऊन जाता?” मी म्हणाले, तिकडं पेज कोण शिजवतं? त्यानं वाट सोडली, आणि तांदळाची एक पोतडी माझ्या डोक्यावर चढवून दिली.

इथं घरोघर माणसं पडली आहेत. आधी पोरं पडली, मग त्यांच्या आया, मग बाप. रोवणीच्या दिवसांत एकही बांधावर नाही, धानाच्या रोपांचे परे वाफ्यात पिवळे पडले आहेत. पोरं बरी होताहेत. म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं तशी नाहीत. मी शाळेच्या ओट्यावर मोठं गंज ठेवलं आहे, त्यात पेज शिजवते, दारोदार नेते. आता दोघी-तिघी बाया उठून हाताखाली येतात.

कलाबाई, मास्तरांच्या कारभारीण, घराच्या कुडाला टेकून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्या आपणहून बोलल्या.

“अंगात असा ताप, बाई, की हात लावला तं पोळाचं. मी म्हनलं, आज नका जाऊ. तं मले म्हनते, नाई उघडली तं अहवालात काय लिहू? मी म्हनलं, ताप आला म्हनून लिवा. तं म्हनते, त्याले खानाच नाई त्या कागदावर. शाळेत गेले, पोरायले ओळीनं बसवलं, गुळन्या करवल्या. घरी आले ते खाटेवर पडले. त्याच सांजेले उशीला टेकून कागद भरला. दम लागे, थांबत, मंग लिवत.”

तुमच्या हातात जो अहवाल आहे, ‘सर्व क्षेम’, तो हा. असा शिक्षक पाहिजे म्हणालात. आता नाही मिळणार.

मी रागावून लिहीत नाही. रागावण्याइतकं बळ नाही अंगात. वहिनींचा ताप चार दिवसांत उतरला, माझा आठ दिवसांत, मास्तरांचा उतरलाच नाही. कोणाचा किती दिवसांचा ते सभेच्या दारात कळत नाही.

नोटिशीचं उत्तर मागाहून देईन किंवा देणार नाही. पंधरा तारखेची सभा रद्द करा. या पत्राला उत्तर पाठवू नका, तेवढा वेळ नाही. फक्त सभा रद्द करा.

इंदू


सोनापूर, १९ जुलै

इंदुताई, तुमाले तुमच्या रुखमावहिनीचा नमस्कार.

मले शुद्ध लिवता येत नाई, चौथी शिकली मी, तरी समजून घेजा. हे लिवाच्या हालतीत नाईत. चार दिवसापासून ताप हाये. घाबरू नका, आज पेज घेतली. पन डोळे उघडले का पयले इचारते, इंदूला पत्र गेलं का. म्हनून मीच लिवून राह्यली. तुमी दोघं भाऊबहीन येकमेकायले कागदावर भांडता आन मधात मी. आता माहं बी आयका.

तुमचं पत्र तेरा तारखेले आलं. हे वाचून कचेरीत गेले. साहेबाले म्हनाले, सभा रद्द करा, माहा येक मास्तर मेला. साहेब म्हनाला, दमेकरी मानूस होता, मेला असता तसाबी. डाक्टर निंगाले नागपूरहून, आता काय त्यायले रस्त्यातून वापस करू? हे म्हनाले, करा. साहेब म्हनाला, गुनवंतराव, तुमची तब्येत बरी नाई, घरी जा.

घरी आले. जेवले नाई. मले पुसलं, “रुखमा, तुले ताप कवा आलता?” मी म्हनलं, सभेच्या तीन दिवस आंधी. तुमालेच तं माहीत हाये, तुमीच म्हनत होते ऊन लागलं. मंग कंदील लावून पयल्या सभेतल्या मास्तरायचे नावं वाचत बसले.

चवदा तारखेले सकारी उठले, हजेरीचा कागद घेतला आन कचेरीतल्या झिंगू शिपायाले बलावलं. मले म्हनाले, “सोनापुरात यायचे तीन रस्ते. मी कुरखेड्याच्या रस्त्यावर राह्यतो, झिंगू नदीच्या घाटावर. तिसऱ्यावर कोनी मानूस नाई माह्यापाशी.” मी म्हनलं, मी बाई हाव तं काय झालं? माहे पाय नाईत का?

मंग दोन दिवस आमी तिघं तीन रस्त्यावर. चिचीच्या झाडाखाली मी बसली. गाड्या आल्या का आडवी होत होती. कोन हो बाई तुमी? मी म्हने, शाळाखात्यातल्या गुनवंतरावाची बायको. सभा नाई. वापस जा. कोनी आयकत होते, कोनी नाई. येक गुर्जी लई तापला. म्हने, सायबाचा हुकूम हाये, तुमी काय सायेब हा का, आमी इतक्या लांबून आलो, आमची हजेरी कोन लावन? मी म्हनलं, नाव सांगा, कागदावर लिवतो. म्या सगळ्यायचे नावं लिवले, वाकडेतिकडे. हे तिकडं तसंच करून राह्यले होते. जो आला त्याले रस्त्यावरच हजर लावला आन गाडी वळवून देली. आल्याची हजेरी, न बसता. येका बाईनं तं माह्या पायाले हात लावला, तिचं तान्हं संग होतं.

पंधराले दालनात साहेब, डाक्टर आन येक कुत्रं.

साहेब आमच्या घरी आला. इंदुताई, मी आजवर त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देला नाई, त्या दिशी पदर खोचून दारात उभी राह्यली. तो आंगनातून वरडला, “हे बंड हाये, गुनवंतराव! कोनाच्या हुकमानं सभा मोडली?” हे म्हनाले, “कलम दोनच्या.” साहेबाले समजलं नाई. मले बी नाई समजलं, मंग यायनं सांगतलं. नोकरीतून दूर ठेवलं हाये यायले, चौकशी व्हाची हाये. त्याच सांजेले ताप आला. मी म्हनलं, आता आराम करा, आता तं सरकारनंच सुट्टी देली.

मले राग येते तुमच्या भावाचा. येवढं शिकलेलं मानूस, घरात बायको फनफनून राह्यली तं म्हनते ऊन. तुमचा बी येते. तुमी पत्रात सगळ्यायले सांगता, येक डाव घरी येऊन सांगतलं असतं तं. पन तुमी आल्या असत्या तं तुमाले घरातूनच ताप लागला असता, म्हनून जाऊ द्या.

रोवनी झाली का बोरटोल्याची? कलाबाईले सांगजा, मी येनार हाव.

तुमची वहिनी


बोरटोला, २ ऑगस्ट

रुखमावहिनी आणि गुणवंतभाऊंना नमस्कार.

भाऊंची प्रकृती सुधारल्याचं पत्रू पाटलाकडून कळलं. वहिनी, तुमचं पत्र मी इथल्या बायांना वाचून दाखवलं. कुत्र्यापाशी आले तेव्हा कलाबाई हसल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या आणि मग तोंडावर पदर घेऊन रडल्या.

रोवणी झाली. उशिरा झाली, अर्धे परे वाया गेले, पण कोसमटोल्यानं माणसं दिली. दसरूनं गाव मोकळं केलं त्याच दिवशी सगळे गडी इकडं घेऊन आला. आमच्या गावात ताप आलाच नाही असं नाही. बाजार उघडल्यावर आला. पण तेव्हा रोवणी उरकली होती, आणि सगळी घरं एकदम पडली नाहीत. एक घर पडलं तर शेजारचं उभं होतं. एवढाच फरक. गुणाबाई म्हातारी वाचली. बोरटोल्यात मास्तरांसह सातजण गेले.

भाऊ, तुमच्यावर चौकशी आहे, माझ्यावर नोटीस आहे. मी नोटिशीचं उत्तर लिहिलं. चार पानं झाली. वाचून पाहिलं आणि त्यातली तीन पानं फाडून टाकली, कारण ती तुमच्याशी भांडत होती, आणि ते भांडण आता कोणाच्या फाईलमध्ये जाऊ नये. उरलेल्या पानावर इतकंच आहे की मी आजारी होते म्हणून मुलांपासून लांब राहिले, आणि पुन्हा आजारी पडले तर पुन्हा राहीन.

आता अडचण अशी. माझी शाळा मी उघडली. बोरटोल्याच्या शाळेला मास्तर नाही. एक दिवस तिथं, एक दिवस इथं असं चालवते आहे, पण मधला नाला भरला की दोन्हीकडची पोरं बसून राहतात. मास्तरांची जागा भरायची तर शाळाखात्याकडे अर्ज करावा लागतो म्हणे. तुम्ही तिथं असता तर दोन ओळी लिहिल्या असत्या. आता कोणाला लिहू?

इंदू


बोरटोला, १० सप्टेंबर

चि. इंदू,

तू काल कोसमटोल्याला होतीस म्हणून भेट झाली नाही. चैतूच्या हाती हे देतो. वाचून दचकू नकोस, वरचं गाव मी चुकून लिहिलेलं नाही.

चौकशीत त्यांनी मला विचारलं, चूक कबूल आहे का. मी म्हटलं, एक आहे, पहिली सभा भरवली ती. दुसऱ्या सभेबद्दल विचारत असाल तर नाही. त्यांनी आपसात बराच खल केला. काढून टाकावं तर वीस जूनच्या सभेनंतर कोणत्या गावात काय झालं ते सगळं लिहून घ्यावं लागलं असतं, आणि ते कोणालाच नको होतं. शेवटी कचेरीतून हलवलं आणि शिक्षकाच्या जागी उतरवलं. रिकाम्या जागा पुढ्यात ठेवल्या. साहेबांना वाटलं मी सोनापूरजवळचं काही मागेन. मी बोरटोला मागितलं. ते म्हणाले, “तिकडं कोनी जात नाई, विचार करा.” विचार करायला मला दोन महिने मिळाले होते.

रुखमा बरोबर आहे. गाडी चिखलात रुतली तेव्हा ती उतरून ढकलत होती आणि मला म्हणत होती, “येवढे वर्स तुमी लोकायच्या बदल्या केल्या, आता घ्या.”

आज सकाळी शाळेत गेलो. दाराला कुलूप. पोरं आवारात उभी. ती मला ओळखत नव्हती, पण कलाबाई ओळखत होत्या. त्या रस्त्यापलीकडून चालत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात काही झाकलेलं.

“वीस तारखेची सभा तुमीच बलावली होती नं?”

रस्ताभर मी बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो. माझ्याकडून “होय, बाई” एवढंच निघालं.

त्या बघत राहिल्या. पोरं बघत होती. रुखमा मागं उभी होती. मला वाटलं, आता ही बाई जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं आणि उभं राहायचं.

कलाबाईंनी पदराखालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“पावसानं दार फुगलं हाये,” त्या म्हणाल्या. “लोटू नका. आंधी आपल्याकडं वढा, मंग लोटा. ते तसंच करत होते.”

आणि वळून घरी गेल्या.

मी कुलूप काढलं. दार आपल्याकडं ओढलं, मग लोटलं. उघडलं. पोरं माझ्या आधी आत शिरली आणि आपापल्या जागी जाऊन बसली.

गुणवंत